खाऱ्या पाण्याचे भाऊसाहेब

महसूल खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला पुढे काय करावे हा प्रश्न फारसा पडत नाही. नोकरीत जे केले तेच तो घरी चालू ठेवतो. शहापूर-मुरबाडकडचे काही भाऊसाहेब, म्हणजे निवृत्त तलाठी, देवस्थानाचे हिशेब धरतात, काही भावकीच्या वाटण्या लावून देतात आणि त्या पुन्हा मोडतील याचीही तजवीज करून ठेवतात. या सगळ्यांत विरळा नमुना म्हणजे घरात समुद्र पाळणारे भाऊसाहेब. पुढच्या खोलीत 4 फूट लांब, दीड फूट रुंद, पावणेदोन फूट उंच काचेची टाकी, तिच्यात सुमारे 300 लिटर खारे पाणी, आणि पाण्यात केशरी अंगावर पांढरे पट्टे ओढलेल्या क्लाउनफिशची जोडी. आता शहापूरहून मुंबईचा समुद्र ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. 2014 साली पालघर वेगळा झाला तेव्हा ठाणे जिल्ह्याचा बहुतेक किनाराही तिकडे गेला. आपल्याकडे राहिला तो उत्तनचा तुकडा आणि खाड्या. मुरबाडला तर अजून रेल्वेही पोचलेली नाही, मग भरती कुठून यायची? म्हणून गाव या माणसाला हौशी म्हणते, क्वचित वेडाही म्हणते. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. हौशी माणसाची खारी टाकी वर्षभरात बसते. वीस-पंचवीस वर्षे टाकी चालते ती ज्याच्या अंगात तलाठी मुरलेला आहे त्याचीच. सरकारी कचेरीत ज्या दिरंगाईला आपण सगळे शिव्या घालतो तीच इथे मुख्य गुण ठरते.

पुरावा इतिहासातूनच देतो. काचेत समुद्र ठेवण्याचे वेड युरोपात 1850 नंतर पसरले. 1853 साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडले आणि बघता बघता इंग्लंडातल्या दिवाणखान्यांतून टाक्या आल्या. लोकांनी किनारे खरवडून जीव घरी नेले, एकेका टाकीत दाटीवाटीने कोंबले, आणि थोड्याच वर्षांत पाण्याला वास सुटून ती लाट ओसरली. शेजारच्या स्कॉटलंडात एडिंबरोला सर जॉन डॅलयेल नावाच्या गृहस्थाने 1828 साली एक समुद्रपुष्प आणून काचेच्या बरणीत ठेवले होते. ते 1887 पर्यंत जगले. डॅलयेलसाहेब 1851 साली गेले, त्यानंतर बरणी एका हातातून दुसऱ्या हातात फिरली. लोक तिच्यातल्या प्राण्याला ‘ग्रॅनी’ म्हणत. बरणी लहान, जीव एक, आणि पाणी बदलायचा नेम न चुकणारा. 59 वर्षे टिकण्यासाठी एवढेच भांडवल पुरले. डॅलयेल महसूल खात्यात असते तर त्यांना पदोन्नती मिळाली नसती, पण दप्तर चोख राहिले असते.

मागचे शास्त्र अवघड नाही. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे त्याचे नायट्रेट करतात, ते बरेच सौम्य. हे जिवाणू दगडांवर आणि वाळूत वस्ती करायला साधारण 4 ते 6 आठवडे घेतात. तोवर टाकीत नुसते पाणी, दगड आणि दिव्याचा उजेड. हौशी माणसाला हे बघवत नाही. पाहुणे यायचे असतात, नातू मागे लागलेला असतो. तो आठव्या दिवशी सहा मासे आणतो आणि पंधराव्या दिवशी सहाच्या सहा अंगणात पुरतो. भाऊसाहेबांना थांबण्याचे काही वाटत नाही. फेरफाराची नोंद धरली की हरकतीसाठी 15 दिवसांची नोटीस द्यायची आणि पुढे मंडळ अधिकारी प्रमाणित करीपर्यंत हात लावायचा नाही, यात त्यांची हयात गेलेली. रिकामी टाकी त्यांच्या लेखी रिकामी नसतेच, ती प्रलंबित असते. नवा मासा आला तरी त्याला सरळ मोठ्या टाकीत प्रवेश नाही. आधी आवक, म्हणजे बाजूच्या छोट्या टाकीत महिना-दीड महिना मुक्काम. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठतात का यावर नजर. तो रोग एकदा मोठ्या टाकीत शिरला तर सगळे मासे बाहेर काढून टाकी दोन-अडीच महिने बिनमाशांची ठेवावी लागते. अर्जदाराला चार हेलपाटे घालायला लावणारी वृत्ती आणि माशाला महिनाभर दारात थांबवणारी वृत्ती एकच. फरक इतकाच की माशाचा त्यात फायदा होतो.

दुसरा गुण नोंदवहीचा. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते, हे शाळेत सगळेच शिकतात, पण टाकीशी उभे राहिले की विसरतात. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. 300 लिटरांतले 30 लिटर उडाले की तेच प्रमाण 39 च्या घरात जाते, आणि हौशी माणूस कमी झालेले पाणी खारेच ओतून ते आणखी चढवतो. भाऊसाहेबांनी काचेवर मार्करने रेघ मारलेली असते. रोज सकाळी पाणी जितके खाली तितके गोडे, शुद्ध पाणी वर. तारीख, किती लिटर, तापमान, क्षारता, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. ‘नर मासा आज कमी खाल्ला. कारण समजून आले नाही.’ शंभर पानी वहीतला हा शेरा वाचून हसू येते खरे, पण तीन वर्षांनी तोच मासा पुन्हा कमी खाऊ लागतो तेव्हा जुनी वही काढून मागच्या वेळी काय बदलले होते ते सांगणारा माणूस तालुक्यात एकच असतो.

आता सर्वांत वजनदार आक्षेप, आणि तो वाजवी आहे. तानसा 1892 पासून मुंबईला पाणी पाजते आहे, भातसा आज मुंबईच्या जवळजवळ निम्म्या तहानेची सोय करते, आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळा लागला की टँकरच्या वाटेवर हंड्यांची रांग लागते. अशा जागी काचेत पाणी कोंडून मासे मिरवायचे ही कसली शोभा? याला भावनेने उत्तर देता येत नाही, हिशेबानेच द्यावे लागते. बाष्पीभवनाचे रोजचे सरासरी 4 लिटर धरा, वर्षाचे 1460. पंधरवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचे, म्हणजे 30 लिटर, वर्षाचे 780. एकूण सव्वादोन हजार लिटर. आपल्याकडे पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद मेणकापड अंगणात ताणले तर त्यावरच वर्षाची गरज भागते; साठवायला दीड हजार लिटरची प्लॅस्टिकची टाकी पुरे. भाऊसाहेब हेच करतात. अर्थात पाड्यावरच्या बाईची आठवण येऊन त्यांनी हे सुरू केले असे समजू नये. बोअरचे पाणी जड, आणि आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर टाकते हे वहीत मांडल्यावर त्यांचा जीव वरखाली झाला. कंजूषपणातून निघालेला असला तरी उपाय खोटा ठरत नाही. ही सोय न करता टँकरच्या पाण्यावर टाकी चालवणाऱ्याची बाजू मात्र मी घेणार नाही.

पावसाचे असले तरी पत्र्यावरून ओघळलेले पाणी चालत नाही, कारण त्यात जस्त उतरते. त्याहून वाईट तांबे. कोळंबी, गोगलगाई, समुद्रपुष्पे यांना तांब्याचा अंशही मारक असतो. म्हणून ज्या घरात पळी-पंचपात्र आणि ताम्हन सर्वांत पवित्र, त्याच घरात पूजा आटोपून हातात तांब्याचे फुलपात्र घेऊन टाकीजवळून जायला भाऊसाहेबांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, बंदी. चमत्कारिक भाग असा की पांढऱ्या ठिपक्यांवर औषध म्हणून छोट्या टाकीत मोजून मापून तांबेच घालतात. काकू म्हणतात, मग माझ्याच भांड्याने काय घोडे मारले? याचे उत्तर नोंदवहीत सापडत नाही. मिठाचाही असाच वाद. भाईंदरची मिठागरे एवढी जवळ असताना पिशवीबंद कृत्रिम समुद्री मीठ कशाला, असे शेजारी विचारतात. मिठागरात पाणी आटताना कॅल्शियम जिप्समच्या रूपाने आधीच खाली बसते आणि मॅग्नेशियम उरलेल्या कडू पाण्यात निघून जाते. हाती येते ते आमटीपुरते मीठ. शेजाऱ्यांचा खरा प्रश्न वेगळाच असतो. पहिल्या पावसात वलगणीचे मासे भातखाचरांत चढतात तेव्हा कंदील घेऊन धावणारी ही माणसे. त्यांना काचेआडचा मासा बघून एकच शंका येते, ‘भाऊसायेब, ह्यो तळून कसा लागंल?’

विजेबद्दल थोडक्यात. वादळात डीपी गेला की पाण्यातला प्राणवायू काही तासांत घटतो. घरातला इन्व्हर्टर पंपाला जोडलेला असतो, पंख्याला नाही. मुरबाडचा मे महिना चाळिशी ओलांडतो आणि टाकीला हवेत 25 ते 27 अंश. म्हणून घरात एसी असलाच तर तो टाकीच्या खोलीत. जावई ओटीवर झोपतो, सासरेबुवा रात्री दोनला उठून मगाने पाणी उंचावरून ओततात, आणि जावई म्हणतो की लग्न ठरताना ही बाब उघड केली नव्हती.

तरुण मंडळी म्हणतात, हे सगळे आता यंत्रे करतात. सेन्सर आहेत, मोबाइलवर आकडे येतात, औषधे थेंबाथेंबाने आपोआप पडतात. खरे आहे. पण सेन्सरचा काटा हळूहळू सरकतो आणि तो सरकला हे सेन्सर सांगत नाही. त्याची तपासणी कोणी, कधी केली हे पुन्हा वहीतच बघावे लागते. याहून खोल आक्षेप जाणकारांचा असतो, आणि माझ्या सिद्धांताला त्याने खरी धार लागते. म्हातारपणी टाक्या अचानक मरतात. दहा-बारा वर्षे दगडांत आणि वाळूत फॉस्फेट मुरत जाते, कपारींत गाळ साचतो, पाण्याची अल्कता, म्हणजे आम्ल झेलण्याची ताकद, उतरते, वरून पाणी मात्र काचेसारखे स्वच्छ दिसते. म्हणजे नुसती दिरंगाई मारकच की! मान्य. काम न करणारा तलाठी आणि काम सावकाश करणारा तलाठी यांत फरक आहे, भले अर्जदाराला तो कळत नसला तरी. पहिल्याची टाकी या रोगाने जाते. दुसऱ्याच्या वहीत अल्कतेचा आकडा महिन्यामागून महिना उतरताना दिसतो, आणि तो वेळीच हात घालतो. तोही सावकाश: वाळू एकदम उपसली तर साचलेली घाण पाण्यात मिसळून सगळे संपते, म्हणून एका वेळी चौथा हिस्सा, मग महिनाभर विश्रांती. हौशी माणूस अशा वेळी जो उत्साह दाखवतो, त्यातच मासे दगावतात.

कायद्याच्या बाबतीत तर भाऊसाहेबांना स्वर्गच सापडतो. 2001 साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात प्रवाळ आणि समुद्रघोडे आले. त्यामुळे समुद्रातून काढलेले जिवंत प्रवाळी दगड, जे परदेशी टाक्यांचा कणा मानले जातात, ते इथे घरात ठेवणे गुन्हा. बाजारात कोणी कानाशी लागून देऊ केले तरी भाऊसाहेब घेत नाहीत. चिनीमातीचे सच्छिद्र दगड घेतात, त्यांवर जिवाणू बसेपर्यंत जास्त दिवस थांबतात, आणि पावती लॅमिनेट करून घेतात. मासे समुद्रातून ओरबाडून आणण्यात क्रौर्य आहे हा आक्षेप उरतोच. क्लाउनफिशपुरते त्याला उत्तर आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास हॅचरीत करून दाखवली आहे, आणि हॅचरीत जन्मलेला मासा काचेत वीस वर्षांहूनही अधिक जगतो. जे मासे फक्त समुद्रातूनच येतात त्यांच्या बाबतीत आक्षेप बिनतोड आहे, आणि भाऊसाहेबही तिथे ‘सबब नामंजूर’ लिहून मोकळे होतात.

राहता राहिली वारसनोंद. क्लाउनफिशच्या जोडीत मोठी असते ती मादी. ती मेली की नरच काही आठवड्यांत मादी होतो आणि सोबतीला लहान पिल्लू असेल तर ते नर होऊन बढती घेते. गाव नमुना 6 मध्ये असल्या फेरफाराला रकाना नाही, तरी भाऊसाहेबांनी तो लाल शाईने आखून घेतला आहे. टाकीचा वारस मात्र असा आपोआप तयार होत नाही. मासे आणि मालक यांचे वय जुळत नाही. साठीत आणलेली जोडी ऐंशीतही पोहत असते. एक मुलगा डोंबिवलीला वन-बीएचकेत, दुसरा पुण्याला. बापाच्या जमिनीतल्या दीड गुंठ्यासाठी हे दोघे प्रांतांपर्यंत अपिलात गेलेले. टाकी कोणी न्यायची हा विषय निघाला की दोघेही, साक्षीदारांसह आणि आपापल्या खर्चाने, एकमेकांच्या लाभात हक्कसोडपत्र लिहून द्यायला तयार असतात.