आता लाल येणारच!

गोव्यात मांडवी नदीत नांगरलेल्या कॅसिनोत रुलेटच्या टेबलाशेजारी एक पाटी झगमगत असते. मागच्या पंधरा-वीस फेऱ्यांत कुठला आकडा लागला, लाल की काळा, सगळं तिच्यावर. ही पाटी कॅसिनोने स्वतःच्या खर्चाने लावली आहे. गल्ल्याची किल्ली आपणहून गिऱ्हाइकाच्या हातात देणारा दुकानदार अख्ख्या महाराष्ट्रात सापडायचा नाही. पण पाटीपुढे उभ्या असलेल्या आमच्या सिस्टीमवाल्याला यात काही वावगं दिसत नाही. तो वाचतोय. काळा, काळा, काळा, काळा, काळा. ‘आता लाल येणारच!’

का येणार? तर बराच वेळ आला नाही म्हणून. त्याच्या शेजारचा तीच पाटी वाचून ‘आज काळा जोरात आहे’ म्हणत काळ्यावर चिप्स सरकवतो. दोघेही अभ्यास करून आलेले. चाकावर फिरणाऱ्या गोळीने मात्र पाटी वाचलेली नसते. माँटे कार्लोत 18 ऑगस्ट 1913 च्या रात्री काळा सलग 26 वेळा आला आणि लोक दर फेरीला जास्तच खात्रीने लालवर पैसे ओतत गेले. आता तीच खात्री विजेच्या दिव्यांत दिसते.

पाटीवर अधूनमधून हिरवं शून्य उमटतं. त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. चाकावर घरं 37: 18 लाल, 18 काळी आणि हे एक. नेमका आकडा लागला तर मिळतात पस्तीस पट. सगळं दुकान त्या एका हिरव्या घरावर चालतं. शंभर रुपये लावले की सरासरी 2 रुपये 70 पैसे गेले. ‘एवढेच?’ एवढेच, पण लावलेल्या शंभरामागे, आणलेल्या नव्हे. वीस हजार घेऊन बसलेला माणूस तेच पैसे फिरवत पहाटेपर्यंत दोन लाखांचे डाव लावतो. करा हिशेब: सरासरी 5,400.

तो करणार नाही, कारण त्याच्याकडे ‘डबलिंग’ आहे. 500 गेले की 1,000, ते गेले की 2,000. एकदा लागलं की सगळं वसूल. सलग सात वेळा हरल्यावर 63,500 गेलेले असतात आणि आठव्या वेळी 64,000 लावायचे असतात. कशासाठी? तर 500 रुपये नफ्यासाठी! तेही टेबलाच्या लिमिटने परवानगी दिली तर. हाच गृहस्थ सोसायटीच्या वार्षिक सभेत लिफ्टच्या कोटेशनमधल्या चारशे रुपयांवरून दीड तास माइक सोडत नाही. अहो, दहावीच्या बीजगणितात संभाव्यतेचा धडा आहे! नाणी आहेत, फासे आहेत, पत्त्यांचा कॅट आहे. तो ‘हमखास मार्कांचा’ म्हणून घोकायचा, नव्वद टक्क्यांचे पेढे वाटायचे, इंजिनिअर व्हायचं आणि पस्तिशीत बायकोला न सांगता काढलेलं पर्सनल लोन घेऊन लालची वाट बघायची. क्लासवाल्यांनी फी परत करायला हवी! घालवायचे तेवढेच पैसे खिशात, कार्ड हॉटेलच्या खोलीत, पैसे संपले की जेवून झोपायला, असा खेळणारा मला शहाणा वाटतो. त्याने करमणूक विकत घेतली. मला चीड येते ती ‘रिकव्हरी करूनच उठतो’ या वाक्याची.

गोवा सरकारने 2020 मध्ये आपल्याच रहिवाशांना कॅसिनोत खेळायला बंदी केली. पाटी वाचायला पाहुणे पुरेसे आहेत. पुण्या-कोल्हापूरच्या गाड्या शनिवारी भरून निघतातच.

ब्लॅकजॅकमध्ये पत्ते मोजणाऱ्या कसबी खेळाडूला कॅसिनोवर खरोखरच वरचढ होता येतं, आणि तो ओळखू आला की जगभरचे कॅसिनो त्याला दार दाखवतात. रुलेटच्या सिस्टीमवाल्याला मात्र ड्रिंक फुकट, बुफे फुकट, हात सैल असेल तर पुढच्या खेपेला खोलीही फुकट. आकडे टिपून घ्यायला पेन मागितलं तर तेही हसतमुखाने मिळतं.