वय चोरणं

आमच्या ऑफिसातला सगळ्यात कमी जागा खाणारा कर्मचारी म्हणजे बीम.ईएक्सई. वजन जेमतेम सत्तर केबी. १९९३ साली रात्री जागून मीच तो टर्बो पास्कलमध्ये लिहिला. स्पॅन, लोड आणि काँक्रीटची ग्रेड विचारतो आणि बीममध्ये सळ्या किती घालायच्या ते सांगतो. २००० साली आयएस ४५६ या काँक्रीटच्या कोडची नवी आवृत्ती आली आणि आरसीसीला किमान एम२० लागू झालं, तेव्हा त्याला चार गोष्टी नव्याने शिकवल्या. त्यानंतर त्याने काही मागितलं नाही. पगारवाढ नाही, की लायसन्स फी नाही.

गेल्या महिन्यात जुना कॉम्प्युटर बसला आणि विंडोज ११वाला नवा आला. बीमवर डबल क्लिक केलं. पडद्यावर उत्तर आलं, हा प्रोग्रॅम इथे चालणार नाही. चालणारी आवृत्ती हवी असेल तर प्रकाशकाकडे चौकशी करा. प्रकाशक समोरच खुर्चीत बसला होता. चौकशी केली. त्यालाही काही माहीत नव्हतं.

एक्सपीच्या काळातला एस्टिमेटचा प्रोग्रॅमही रुसून बसला होता. मुलीने आधी तो हातात घेतला. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, यादीतून 'एक्सपी' निवडलं आणि स्वारी मुकाट्याने उठून कामाला लागली.

"काय केलंस?"

"काही नाही बाबा. तो सुरू होताना विचारतो, तू कोणती विंडोज? आता विंडोज सांगते, मी एक्सपी."

"म्हणजे धडधडीत खोटं?"

"तिला सवय आहे. विंडोज ७सुद्धा आतून स्वतःला ६.१ म्हणवायची. सात आकडा ऐकून जुने प्रोग्रॅम बिथरू नयेत म्हणून. आणि ही अकरा आहे ना, ही आतून अजून १०.० आहे."

मला एकदम त्या यंत्राबद्दल आपुलकी वाटली. आमच्या पिढीतल्या किती जणांची जन्मतारीख १ जून आहे ते कुठल्याही पेन्शनरांच्या कट्ट्यावर विचारा. पोर शाळेच्या नियमात बसावं म्हणून गुरुजींनी दाखल्यावर ठोकून दिलेली ती तारीख. माझीही तीच. आई सांगायची, मी श्रावणातला, बाहेर धो धो पाऊस होता. पण सरकारदरबारी मी भर उन्हाळ्यात जन्मलो आणि त्याच हिशेबाने सगळीकडे चाललो. आम्ही सगळे कम्पॅटिबिलिटी मोडमध्येच वाढलो, फक्त शब्द माहीत नव्हता.

बीमचं दुखणं मात्र एवढ्यावर भागणारं नव्हतं. तो पडला १६-बिटवाला, डॉसचा माणूस. ६४-बिट विंडोजला त्याची भाषाच येत नाही, मग वयाबद्दल थाप मारून उपयोग काय? त्याच्यासाठी मुलीने डॉसबॉक्स आणला. मुळात जुने खेळ खेळता यावेत म्हणून केलेला हा प्रोग्रॅम आख्खा जुना कॉम्प्युटरच उभा करतो. प्रोसेसर खोटा, साउंड कार्ड खोटं, सी ड्राइव्हसुद्धा खोटा. काळ्या पडद्यावर माउंटची आज्ञा दिली, आणि तरुण रक्ताच्या उत्साहात तिने वेग कमालीचा वाढवून ठेवला.

बीम उघडतो न उघडतो तोच कोसळला. रनटाइम एरर २००, शून्याने भागाकार.

ही एरर मात्र माझ्या जुन्या ओळखीची निघाली. टर्बो पास्कलचा प्रोग्रॅम उठल्या उठल्या आपण किती वेगाने धावतोय हे मोजतो आणि त्या आकड्याला भागतो. वेग फार असला की उत्तर त्याच्या १६ बिटांच्या डब्यात मावत नाही, आणि तो 'शून्य, शून्य' म्हणून बोंब ठोकतो. प्रत्यक्षात शून्य कुठेच नसतं. असते ती फक्त घाई.

"जरा हळू कर त्याला," मी म्हटलं. त्या दिवसातलं माझं एकमेव तांत्रिक योगदान.

वेग उतरवला आणि बीम उठला. निळा पडदा, पिवळी अक्षरं. मी जुनाच प्रश्न घातला: रुंदी २३०, प्रभावी खोली ४१०, काँक्रीट एम२०, सळ्या फे४१५, तर बीम जास्तीत जास्त किती मोमेंट पेलेल? उत्तर आलं, १०६.७ किलोन्यूटन-मीटर. कॅल्क्युलेटरवर फे४१५साठीच्या ०.१३८ या गुणकाने गुणून ताळा केला. जुळला. भोवतालचं सगळं खोटं होतं, पण हा आकडा खरा होता. ०.१३८ला वय चोरावं लागत नाही.

दोन दिवसांनी क्लायंट आला. ड्रॉइंग उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "साहेब, सॉफ्टवेअर लेटेस्ट आहे ना?"

मुलगी खिडकीबाहेर बघायला लागली.

"विंडोज ११वर चालतं," मी म्हणालो. यातला शब्द न् शब्द खरा होता.