मिस्टर आलेत का?

प्रसूतिगृहाच्या काउंटरवर बाईला पहिला प्रश्न "काय होतंय?" असा नसतो. "मिस्टर आलेत का?" असा असतो. आले नसतील तर बाईंनी बाकावर बसायचं. मिस्टर येतील, सही करतील, मग बाईंच्या पोटाविषयी बाईंशी बोलता येईल.

वास्तविक ही सहीची भानगड वैद्यकीय गर्भपात कायद्यानं १९७१ सालीच मिटवली आहे. बाई अठरा वर्षांखालची किंवा मनोरुग्ण असेल तर पालकाची लेखी संमती. एरवी संमती फक्त तिची. त्यासाठीचा फॉर्म सी सरकारनंच ठरवून दिलाय आणि त्यावर नवऱ्याच्या सहीला जागाच नाही. छापायची राहून गेली म्हणावं, तर २०२१ साली कायदा दुरुस्त झाला तेव्हाही ती कोणी घातली नाही. उलट गर्भनिरोधक फसल्याच्या कलमातले 'विवाहित स्त्री आणि तिचा पती' गेले आणि तिथं 'कोणतीही स्त्री आणि तिचा जोडीदार' आले. ही उणीव बऱ्याच दवाखान्यांच्या जिवाला लागली असावी. त्यांनी स्वखर्चानं एक जादा कागद छापून घेतला, त्यावर 'पतीची सही' असा ठसठशीत रकाना पाडला आणि तो मूळ फॉर्मला टाचला. कायद्यात नसलेली गोष्ट पाळण्यासाठी पदरचे पैसे घालणारी माणसं आपल्याकडे अजून आहेत, हे ऐकून ऊर भरून येतो.

प्रश्न एवढाच, की या सहीत औषधी घटक नेमका कोणता? सहीखाली रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं देणाऱ्या मिस्टरांच्या बायकोला भूल लवकर चढते का? रक्तस्राव निळ्या शाईनं आटोक्यात राहतो की काळ्या? मिस्टर मराठीत सही करत असले तर टाके आपोआप विरघळतात आणि इंग्रजीत करत असले तर काढायला यावं लागतं, असं काही आहे का? मिस्टर दुबईला असले तर सही केलेल्या कागदाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर चालतो म्हणतात. म्हणजे गुण शाईतही नाही, कागदातही नाही. तो मोबाइलच्या मनोऱ्यांवरून उड्या मारत येतो आणि तरी उतरत नाही. मिस्टर ट्रकवर असले तर दीर चालतो. दीर नसला तर सासरे चालतात. सासऱ्यांना लिहिता येत नसलं तर त्यांचा अंगठा चालतो, तोही डावा. त्या घरातलं मिशी फुटलेलं कोणीही चालतं. चालत नाही ती एकटी बाई, कारण पोट तिचं आहे आणि तिचा त्यात हितसंबंध आहे! बरं, हे मिस्टर सही करतात म्हणजे काय करतात? कागद वाचणारे मिस्टर मी तरी पाहिले नाहीत. ते "कुठं करू?" विचारतात, सिस्टरनं बोट ठेवलेल्या जागी पेन टेकवतात, आणि गाडी नो पार्किंगमध्ये लावलीय म्हणून निघून जातात. झाली वैद्यकीय संमती.

शिवाय आपल्याकडे मिस्टर कागदावर आधीच हजर असतात. बाईचं नाव आणि आडनाव यांच्या मधोमध मांडी घालून बसलेले असतात. केसपेपर असो, रेशनकार्ड असो, गॅसचं पुस्तक असो, त्यांना टाळून बाईला आपल्याच नावाच्या टोकापर्यंत पोचता येत नाही. (लग्नाआधी तिथं वडील असतात. जागा कधी रिकामी ठेवत नाहीत.) मधोमध बसून भागलं नाही म्हणून आता खाली सहीलाही तेच.

डॉक्टरमंडळींना विचारलं तर ती खासगीत म्हणतात, "कायदा आम्हालाही ठाऊक आहे हो, पण उद्या नातेवाइकांनी राडा केला तर?" भीती खोटी नाही, दवाखान्यांच्या तोडफोडी आपण पाहिल्या आहेत. पण मग सरळ सांगा ना, की ही सही बाईच्या जिवासाठी नाही, रिसेप्शनच्या काचेसाठी आहे. फॉर्मवर तसं छापा: 'काचेचे नाव, काचेचे वय, काचेच्या मिस्टरांची सही.'

नसबंदीचंही तेच. सरकारी मार्गदर्शक सूचनांत जोडीदाराची संमती लागत नाही असं स्वच्छ लिहिलेलं आहे, तरी रकाना आहेच. आता २०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण पाहा. १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींनी स्वतःची नसबंदी करून घेतली आहे. नवऱ्यानं करून घेतलेली जोडपी ०.३ टक्के. पुरुषांची बिनटाक्याची शस्त्रक्रिया काही मिनिटांची, पोटाला हात लावायला नको, माणूस त्याच दिवशी घरी. पण त्यानं कमजोरी येते अशी समजूत आहे. सही केल्यानं येत नाही. त्यामुळे टेबलावर झोपायच्या वेळी मिस्टर सापडत नाहीत आणि सहीच्या वेळी मिस्टरांवाचून टेबल अडतं.

आणि पोट सहीसाठी थांबत नाही. गोळ्यांनी भागतं ते नऊ आठवड्यांपर्यंत. विसाव्या आठवड्यापर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. पुढं चोविसाव्यापर्यंत दोघांचं लागतं, तेही ठरावीक स्त्रियांनाच. त्या यादीत गरोदरपणात विधवा झालेली आणि घटस्फोट झालेली बाई आहे. म्हणजे मिस्टर उरले नाहीत म्हणून कायदा जिला सवलत देतो, तिलाच काउंटर मिस्टर आणायला पिटाळतो. टाकलेल्या बाईनं कुठून आणायचे? लग्नच न झालेल्या मुलीनं कोणाचे आणायचे? आणि जिला मारहाण करून, जबरदस्ती करून हे पोट राहिलं, तिला त्याच माणसाकडं "जा, परवानगी घेऊन ये" म्हणून पाठवणाऱ्यांना काय म्हणायचं? नियमाची माणसं? नियम त्यांच्या बाजूनं नाहीच. गर्भपात करून घेतलेल्या बाईचं नाव फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते असं हाच कायदा सांगतो, आणि इथं काउंटरवरून भरल्या हॉलमध्ये तिच्या नवऱ्याला फोन लावला जातो, स्पीकरवर! हा शुद्ध माज आहे, आणि त्याला काळजीचा पांढरा कोट घातलाय. ती बाई "सोमवारी यांना घेऊन येते" म्हणून बाकावरून उठते आणि सोमवारी येत नाही. ती पाटी नसलेल्या एखाद्या दाराशी जाते. तिथं मिस्टर आलेत का असं कोणी विचारत नाही. तिथं फक्त पैसे आणलेत का विचारतात.

तेव्हा वाचक भगिनींनो, पुढच्या खेपेला तो टाचलेला कागद समोर आला तर भांडू नका. नवऱ्याची सही कुठल्या कायद्याच्या कुठल्या कलमाखाली हवी, तेवढं दवाखान्याच्या लेटरहेडवर लिहून मागा, खाली डॉक्टरांच्या सहीसकट.