मंडईचा पाहुणा

नागपूरच्या माणसाने दोन-तीन दिवसांच्या सुटीत कुठे जायचं, हे त्याच्या खिशावर ठरतं. बरे पैसे असतील तर पचमढी, थोडे असतील तर रामटेक, आणि महिनाअखेर असेल तर बायकोचं माहेर. माझ्या बायकोचं माहेर भंडारा जिल्ह्यात आहे. त्यामुळे पचमढीचा खर्च मी लग्नापासून वाचवत आलो आहे.

भंडारा नागपूरहून साधारण 60 किलोमीटरवर. एसटीने जावं, हे उत्तम. रेल्वेची हौस असणाऱ्यांनी भंडारा रोड स्टेशनावर उतरावं, पण ते आहे वरठीला, शहरापासून चांगलं दहाएक किलोमीटर लांब. तिथे उतरलेला नवखा माणूस आधी भंडारा शोधू लागतो, आणि ऑटोवाले त्याला.

हा तलावांचा जिल्हा, असं सगळी माहितीपत्रकं सांगतात. ते खरंच आहे. कोहळी समाजातल्या जुन्या जाणत्यांनी बांधलेले माजी मालगुजारी तलाव गावोगावी आहेत आणि आजही त्यांच्यावर धान पिकतं. माहितीपत्रकात छापायचं राहून गेलं ते एवढंच, की प्रत्येक तलावाच्या पाळीपलीकडे माझ्या बायकोचा एक तरी नातलग राहतो. तुमसरला मावशी, मोहाडीला चुलत आत्या, साकोलीला साडू, पवनीकडे काकाजी. वैनगंगेलाही या जिल्ह्यात एवढी वळणं नसतील.

अशा ठिकाणी लॉजवर उतरणं हा कौटुंबिक गुन्हा आहे. तो मी एकदा करून पाहिला. बायको दुसऱ्या दिवशी येणार होती, म्हटलं एक रात्र तरी आपण आपल्या पैशाने, आपल्या मर्जीने, लवकर झोपू. एका साध्या लॉजच्या रजिस्टरात ‘येण्याचे कारण’ या रकान्यात मी ‘पर्यटन’ असं लिहिलं. मॅनेजरने ते वाचलं, चष्मा कपाळावर चढवला, मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, “तुमी मोहाडीवाल्यायचे जवाई नाई का जी?”

मी नाही म्हणेपर्यंत त्याने फोन लावला होता. मी पाय धुऊन खाटेवर टेकतो न टेकतो तोच साळा मोटरसायकल घेऊन खाली हजर. “का जी भाटवे, आमच्या घरच्या खाटा मोडल्या का?” मॅनेजरने ॲडव्हान्सचे पैसे स्वतःहून परत केले. एवढंच नाही, तर माझी बॅगही त्यानेच खाली आणून दिली. गावच्या जावयाकडून भाडं घेतल्याचं पाप त्याला नको होतं.

तेव्हापासून मुक्काम फुकट असतो. फुकट म्हणजे कसा, ते सांगतो. एका घरी उतरलं, तर वाटेवरच्या सगळ्या घरांसाठी मिठाईचे पुडे लागतात. निघताना प्रत्येक पोराच्या हातावर नोट ठेवावी लागते, आणि पोरं दरवर्षी वाढतात, नोटही वाढते. शिवाय हा व्यवहार दुतर्फी असतो. मेडिकलला दाखवायचं असो, पोरीची परीक्षा असो की लग्नाचा बस्ता असो, अख्ख्या भंडारा जिल्ह्याचा नागपुरातला लॉज म्हणजे माझं दोन खोल्यांचं घर. माझ्या रजिस्टरात कारणाचा रकाना नाही.

जेवणाचं वेगळंच. हा धानाचा मुलूख, त्यामुळे पोळी ही ताटाची शोभा असते, जेवण म्हणजे भात. दोन वेळा वाढून झाला की मी ताटावर हात आडवा धरतो. मामेसासूबाई त्या हाताच्या कडेने, बोटांच्या फटीतून, प्रसंगी हातावरूनही भात वाढू शकतात. वर “काईच नाई जेवले जी जवाईबापू” हे आहेच. हे वाक्य त्या पुढच्या घरी फोन करूनही सांगतात. त्यामुळे पुढच्या घरी आपलं स्वागत उपाशी माणूस म्हणूनच होतं.

अशा परिस्थितीत पर्यटन कधी करायचं? माझी फार दिवसांची इच्छा होती पवनी पाहायची. 1969-70 साली तिथल्या जगन्नाथ टेकडीवर उत्खनन झालं आणि दोन हजार वर्षांहून जुन्या बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले. तो किल्ला, ती देवळं, ते घाट सगळं पाहायचं म्हणून आम्ही सकाळी भंडाऱ्याहून निघालो. पहेल्याला चहा झाला. अड्याळला पोहे, मग “आता जेवूनच जा” झालं. जेवल्यावर लवंडणं आलं. पवनीत पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. मी काकाजींना म्हटलं, अजून थोडा उजेड आहे, टेकडीवर जाऊन येतो. काकाजी सुपारी कातरत म्हणाले, “दोन हजार वर्षं राह्यलं ना जी ते? मंग उद्या सकाळपर्यंत कोठी जाते?” या युक्तिवादाला पुरातत्त्व खात्याकडेही उत्तर नसावं.

काकाजींच्या घरी पाहुण्यांसाठी वेगळं न्हाणीघर बांधायचं फार पूर्वीच ठरलं आहे. पाया आहे, चार विटांची भिंत आहे, त्यावर दोडक्याचा वेल आहे. मी विषय काढला की ते जवळच्या गोसेखुर्द धरणाकडे बोट दाखवतात. त्याची पायाभरणी राजीव गांधींनी 1988 साली केली आणि 30 वर्षं उलटून गेली तरी कालव्यांची कामं चालूच होती. काकाजी म्हणतात, “सरकारले टाइम लागते, मले नाई लागनार का?”

या सगळ्याचा कळस म्हणजे दिवाळीनंतरची मंडई. भाऊबीज झाली की गावोगावी मंडया भरतात, आणि शहाण्या गावांनी आपापले दिवस वेगळे ठेवलेले असतात, म्हणजे पाहुण्यांना कुठलीही चुकवायला निमित्त नको. दिवसा बाजार, भजी-जिलेबी, दंडार, खडी गंमत. उपवर पोरापोरींची सोयरीकही याच गर्दीत हळूच पाहून घेतात. संध्याकाळपर्यंत घरात इतके पाहुणे होतात की खाट ही वयाप्रमाणे मिळते, गादी नात्याप्रमाणे आणि पांघरूण नशिबाप्रमाणे. जावयाला मान म्हणून खाट देतात, पण त्याच खाटेवर उशाशी दोन आणि पायथ्याशी एक पोर आधीच झोपलेलं असतं.

यावर झाडीपट्टीने, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या मुलखाने, काढलेला तोडगा मला फार आवडतो. एवढ्या माणसांना झोपवायचं कुठे? झोपवायचंच नाही! रात्री नाटक ठेवायचं. वडशाच्या नाटक मंडळ्या दिवाळीपासून गावोगावी हिंडत असतात. ही रंगभूमी काही लहान नाही, तिच्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली आहे. रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत खून, ताटातूट, गाणी, लावणी आणि विनोदी नटाची धमाल चालते. पुढे खुर्च्या, मागे तणसावर सतरंजी. मी सतरंजीचं तिकीट काढतो. टेकायला शेजाऱ्याची पाठ असते, थंडीला आपलीच शाल असते, आणि सकाळपर्यंत कुणी भात वाढत नाही. मुक्काम, करमणूक आणि पोटभर रडणं, सगळं एका तिकिटात. याहून स्वस्त रात्र मला पचमढीत कुणी दाखवावी.

यंदा पहाटे नाटक सुटलं तेव्हा साळ्याने जाहीर केलं, की आज साडूभाऊंच्या गावची मंडई आहे. मी म्हटलं, सुटी संपली, आज ऑफिस आहे. त्याने मला फोन लावायलाच लावला. आमचे साहेब मूळचे लाखांदूरचे. रजेचं कारण त्यांनी विचारलंच नाही. नाटक कोणतं आहे ते विचारलं, मंडळी कोणती ते विचारलं, आणि म्हणाले, “पुढच्या रांगेतली एक खुर्ची धरून ठेवा, मी पाच वाजता निघतो.”