तुकड्यांचा हिशेब

लेगोचा प्रौढ चाहता संच निवडतो तो तुकड्यांच्या संख्येवरून. जागेचा विचार खोके घरी आल्यावर सुरू होतो. २०१७चे ‘मिलेनियम फाल्कन’ ७,५४१ तुकड्यांचे. २०२१चे ‘टायटॅनिक’ ९,०९० तुकड्यांचे, लांबी सुमारे १३५ सेंटिमीटर. २०२२चा आयफेल टॉवर जवळजवळ दीड मीटर उंच, तुकडे १०,००१. वरचा एक बहुधा शकुनाचा, आहेराच्या पाकिटातल्या रुपयासारखा. आकड्यांत याही पुढे आहे २०२१चा जगाचा नकाशा: ११,६९५ तुकडे, पण त्यांतल्या बहुतेक इवल्याशा गोल टिकल्या. संख्या वेगळी आणि आकार वेगळा, हे बिल भरल्यावर उमगते.

समजूतदारांसाठी २००७पासून ‘मॉड्युलर’ इमारती निघतात. बहुतेकींचा पाया ३२ बाय ३२ बटणांचा, म्हणजे जेमतेम २५ सेंटिमीटर चौरस. फळीवर सहज मावणारा. अडचण एवढीच, की शेजारी दुसरी जोडता येते, मग तिसरी. गल्ली पुरी होईतो कपाटातली पुस्तके माळ्यावर गेलेली असतात. टायटॅनिकला असे शेजारी लागत नाहीत. शिवाय ते तीन भागांत सुटे होते, त्यामुळे धूळ पुसायला हिमनगाची गरज पडत नाही.