किक उजवीकडेच

छंदावर पोट भरायचं ठरवलं तेव्हा घरच्यांनी पोटाची काळजी केली. छंदाची कोणी केली नाही. चाकणच्या एका कारखान्यात मी पंधरा वर्षं सुटे भाग तपासायचो. नापास भागाला लाल टॅग लावायचा आणि रिवर्कला धाडायचा. एकाही भागानं ते कधी मनाला लावून घेतलं नाही. नोकरी सोडून जुन्या स्कूटरींवर लिहू लागलो आणि लाल टॅग मला लागू लागले, तेही रात्री अकरानंतर, मोबाइलवर. कंपनीतला अपमान बस निगडीला पोचेपर्यंत विरून जायचा. हा उशाशी येऊन झोपतो. तो पगाराला बोलत नाही ना, प्रेमाला बोलतो.

त्यात गाव पिंपरी-चिंचवड! इथं बसून चेतकविषयी चुकीचं लिहिणं म्हणजे पंढरपुरात जाऊन विठोबाचे हात खांद्यावर असतात म्हणणं. १९७२पासून आकुर्डीत ती ज्यांच्या हातांखालून गेली, त्यांतले कितीतरी जण अजून सकाळी बागेत फिरायला येतात. मी एकदा ओघात ‘चेन’ असा शब्द लिहून गेलो. त्याच रात्री, जास्वंदीच्या फोटोआडून एका अनोळखी गृहस्थांचा निरोप आला : ‘चेतकला चेन नसते. तुमच्या घरी बसवून घेतली का? लेखणी ठेवा, पंक्चर काढा.’ पुढं दर लेखाला त्यांचा निरोप ठरलेला. रागावून उत्तर लिहायचो आणि पुसायचो. वडिलांची चेतक सकाळी रुसली की ते तिला कानात पाणी गेलेल्या पोरासारखी एका अंगावर कलंडवायचे, थोडं थांबायचे, मग किक मारायचे. मीही तसा कुशीवर वळून पडायचो. कधी चालू व्हायचो, कधी नाही.

अशाच एका न चालू झालेल्या दुपारी देहूला गेलो. परंपरा सांगते, वाघोलीच्या रामेश्वरभट्टांनी दोष दिला म्हणून तुकोबांना आपल्या वह्या इंद्रायणीत सोडाव्या लागल्या. तेरा दिवस ते काठावर अन्नपाण्यावाचून बसले आणि वह्या कोरड्या वर आल्या. माझं लिखाण सोडलं असतं तर नदीनंच ते लगोलग परत केलं असतं, ही गोष्ट वेगळी. मला त्या कथेत वह्यांपेक्षा रामेश्वरभट्टांचं नवल वाटतं. पुढं ते तुकोबांचे शिष्य झाले आणि तुकोबांची आरती त्यांच्याच नावावर आहे. एवढं बारकाईनं नावं ठेवायची तर आधी किती बारकाईनं वाचावं लागलं असेल! त्या दिवसापासून जास्वंदीवाल्यांना मी मनात रामेश्वरभट्ट म्हणू लागलो. आरतीची अपेक्षा नव्हती. पण कार्ब्युरेटरवर लिहिताना त्यांची भुवई दिसायची आणि मी उठून, गॅरेजमध्ये जाऊन, एकदा हात लावून खात्री करून यायचो.

मग गेल्या श्रावणात निरोप थांबले. एक लेख गेला, दुसरा गेला. लोकांनी ‘छान’ म्हटलं, फुलं पाठवली. ताटात मीठच नाही असं वाटत राहिलं. शेवटी मला लाज वाटावी असा एक उद्योग मी केला. चेतकची किक डावीकडे असते, असं धडधडीत छापून दिलं. दुसऱ्या दिवशी तिघाचौघांनी हसून चूक दाखवली. जास्वंद गप्प. मी दर तासाला मोबाइल उघडून पाहायचो.

पिंडाला कावळा शिवेना की घाटावर माणसं एकेक कबुली देऊ लागतात : धाकटीचं लग्न नीट करू, विहिरीचं भांडण मिटवू, तुम्ही काळजी करू नका. काल रात्री अकरानंतर मीही मोबाइल समोर ठेवून तसाच बसलो होतो. काका, किक उजवीकडेच आहे. चेनही नाही, कबूल. गिअर डाव्या मुठीत, तेही पुढच्या वेळी नीट लिहीन. अजून काही राहिलं असेल तर सांगा.