आबांचा खर्ज

पहाटे पाच चाळीसला आमच्या मांडणीवरची फुलपात्रं किणकिणतात. आधी फुलपात्रं, मग खिडकीची काच, मग समोरच्या अपार्टमेंटखाली लावलेल्या एखाद्या मोटारीचा भोंगा. एवढं झालं की अख्खी गल्ली कूस बदलते आणि म्हणते, "आबा उठले." वास्तविक आबा तासभर आधीच उठून, आंघोळ करून, अंबाबाईला हात जोडून बसलेले असतात. उठते ती त्यांची बुलेट.

आबा म्हणजे शिवाजी पेठेतले आमचे पिठाच्या गिरणीवाले. वय साठीला टेकलेलं. भुवया पांढऱ्या; त्यात पीठ किती आणि वय किती हे त्यांच्या न्हाव्यालाच माहीत. गाडी 1984 ची, कास्ट आयर्न इंजिनाची, उजव्या पायात गिअर आणि डाव्या पायात ब्रेक असलेली. माणूस व्यसनी नाही, तमाशाला जात नाही, कुस्तीच्या मैदानातसुद्धा शेवटची जोड लागायच्या आत घरी येतो. नाद एकच, सायलेन्सर. गेल्या सतरा वर्षांत त्यांनी सात बदलले. कोल्हापुरात "नाद खुळा" हे शब्द कौतुकानं म्हणतात; आमच्या गल्लीत ते निदान म्हणून वापरतात.

पण आबांना गोंगाट आवडतो असा समज असेल तर तो काढून टाका. गणपतीच्या मिरवणुकीतल्या डॉल्बीविरुद्ध निवेदन गेलं, त्यावर पहिली सही आबांची होती. "छातीत दणकं बसत्यात, मास्तर. ह्येला काय आवाज म्हणायचा?" असं ते मला म्हणाले, आणि निवेदन द्यायला बुलेटवरून गेले. आपण शहाण्णव कुळीचे असल्याच्या थाटात ते सांगतात, की आवाज मोठा असून भागत नाही, तो गोल लागतो.

गाडी सुरू करण्याचा त्यांचा विधी एकदा तरी बघण्यासारखा आहे. आधी पेट्रोलची चावी. मग कार्बुरेटरवरची टिकली दाबून दोन थेंब पेट्रोल सांडायचं. मग किकवर पाय ठेवून, डोळे अँपिअर मीटरच्या काट्यावर. काटा मधोमध आला की डावीकडची डीकॉम्प्रेशनची बारीक दांडी ओढायची, किक इंचभर सरकवायची, दांडी सोडायची, आणि मग सगळा देह त्या पायावर टाकायचा. यात एक पायरी चुकली तर किक उलटी येते आणि नडगी फुटते. आबांच्या उजव्या नडगीवर तीन खुणा आहेत. ते त्या पैलवानानं मोडका कान दाखवावा तशा दाखवतात.

इंजिन लागलं की ते अ‍ॅक्सिलरेटरला हात लावत नाहीत. मुठी सोडून उभे राहतात. मान किंचित तिरकी, एक बोट हवेत. मी गणिताचा मास्तर असल्यामुळे एकदा हिशेब केला. गाडी जागेवर मिनिटाला सहाशे फेरे घेते असं धरा. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांना एक स्फोट, म्हणजे मिनिटाला तीनशे, म्हणजे सेकंदाला पाच ठोके. सिलिंडर एकच, सत्तर मिलिमीटर रुंद, आणि दट्ट्या नव्वद मिलिमीटर वरखाली होणारा. रुंदीपेक्षा लांबी जास्त, म्हणून ठोका असा दमदार आणि सुटा पडतो. हे मी आबांना कौतुकानं ऐकवलं. ते म्हणाले, "सेकंदाला पाच? लई द्रुत झाली. साडेचारवर आणायला पायजे." आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन खाली बसले.

ही भाषा त्यांनी उचलली ती देवल क्लबातून. तिथल्या मैफलींना ते मागच्या रांगेत, भिंतीला टेकून बसतात. बायका दळणाचे डबे ठेवून जातात तसं आबा गाणंही कानात ठेवून घेतात आणि सवडीनं दळतात. त्यातून त्यांचं सायलेन्सरशास्त्र तयार झालं. बाजारात बुलेटचे सायलेन्सर मिळतात त्यांना खरोखरच इंदोरी, पंजाब अशी नावं आहेत. डॉल्फिन, गोल्डस्टार, शॉर्ट बॉटल हीही आहेत. पण ती आबांच्या मते घराणी नव्हेत, नुसती दुकानं. "इंदोरी म्हंजे अमीर खाँसाहेब," ते गिरणीच्या पट्ट्यावर आवाज चढवून सांगतात. "अतिविलंबित. खर्जात बसलेला. घाई न्हाई. पंजाब म्हंजे तबल्याचं घराणं, पखवाजाचं वजन, थाप उघडी पडती." गोल्डस्टारला ते नाट्यसंगीत म्हणतात. पहिली तान भारी, पुढे काही नाही.

मी विचारलं, "आणि आपलं कोल्हापूरचं? अल्लादियाँ खाँसाहेबांचं?"

आबा गप्प झाले. जयपूर-अत्रौलीचा सायलेन्सर अजून कुणी काढलेला नाही, ही त्यांची खंत आहे. मात्र खाँसाहेबांची एक गोष्ट त्यांनी मनाशी धरून ठेवली आहे. अतिगाण्यानं खाँसाहेबांचा आवाज एकदा पार गेला होता, आणि परत आला त्या जाडसर आवाजातून त्यांनी आपली पेचदार गायकी उभी केली. त्यामुळे नवा सायलेन्सर लावून गाडीचा आवाज फाटला, की आबा निराश होत नाहीत. "बसू दे. बसला की घडंल."

गाडीचा आवाज काही घडत नाही, खर्च घडतो. सायलेन्सरच्या आत जाळी असते, तिच्याभोवती काचेची लोकर भरतात. धूर त्यातून वळत, थांबत बाहेर येतो आणि ठोक्याची धार बोथट होते. ही जाळी काढली की धूर सुसाट सुटतो, त्याच्याबरोबर आवाजही. पण मग इंजिनाच्या श्वासाचा मेळ बिघडतो. हवा जास्त, पेट्रोल कमी. प्लग पांढरा पडतो, बेंड पाइप निळा होतो, चढाला गाडी दम खाते. मग मिस्त्री कार्बुरेटरमधली जेट एक नंबर मोठी घालतो. मग प्लग काळा. मग सुई वर, सुई खाली. जोतिबाच्या घाटात एकदा आबा आणि काकू दोघं मिळून गाडी ढकलत होते, तेव्हा आबा म्हणाले, "पर खर्ज कसा लागलाय बघ." काकूंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "खर्ज न्हवं, खर्च लागलाय."

मोबाइलवर आवाज मोजायचं एक अ‍ॅप मिळतं. ते काही प्रमाणित यंत्र नव्हे, पण एका पहाटे मी खिडकीत उभा राहून मोजलं. 88 डेसिबल. राहत्या वस्तीत सरकारी मर्यादा दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत 45. डेसिबलमध्ये दहाची वाढ म्हणजे ऊर्जा दहापट. म्हणजे आबा मर्यादेच्या जवळजवळ वीस हजार पटीनं गात होते. आकडेमोड कागदावर मांडून मी गिरणीत गेलो. आबांनी तो कागद पिठाच्या हातानं घेतला, शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, "अठ्ठ्याऐंशी खरं, पर कुठल्या पट्टीत?"

बिंदू चौकात त्यांना एकदा ट्रॅफिकच्या हवालदारांनी अडवलं. मोटार वाहन नियमांत सायलेन्सरसाठी 120 क्रमांकाचा वेगळा नियमच आहे. आबांनी त्यावर दहा मिनिटं इंदोर आणि पंजाब समजावून सांगितलं, गाडी सुरू करून ऐकवली, हवालदारांना डोळे मिटायला लावले. त्यांनी मिटलेही. मग उघडून म्हणाले, "आबा, सूर बराबर हाय, पर पावतीबी बराबर हाय."

पावतीचं आबांना काही वाटलं नाही. त्यांना लागलं ते दुसरंच. त्याच दिवशी शेजारी उभा केलेला एक कॉलेजचा पोरगा त्यांना "काका, आपण दोघं एकाच केसमधले" असं म्हणाला. तो पोरगा फटाके मारणाऱ्यांतला होता. चालत्या गाडीचं बटण बंद-चालू करायचं. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये साठतं आणि तिथं पेट घेऊन बंदुकीसारखा बार होतो. आबांच्या लेखी हे म्हणजे मैफलीत मांडी ठोकणं. गावोगावी पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर रांगेत मांडून त्यांवरून रोड रोलर फिरवतात. असला फोटो पेपरात आला की आबा आधी म्हणतात, "बरं केलं." मग चष्मा लावून रांगेत कुठे इंदोरी दिसतोय का ते बघतात, आणि दिसला तर दिवसभर बोलत नाहीत.

मला वाटायचं, हे सगळं आलं कुठून? एका पावसाळ्यात वीज गेली, गिरणी थांबली, तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांच्या वडिलांची गिरणी गावाकडे, ऑइल इंजिनवर चालायची. इंजिनाच्या धुराच्या नळीवर एक डबडं बसवलेलं. त्यातून सगळ्या शिवारभर पुक-पुक-पुक ऐकू जायचं, आणि ते ऐकून बाया डोक्यावर पाट्या घेऊन निघायच्या. "डबडं काढलं त्या दिवशी गिराईक आलं न्हाई. गिरणी चालूय ह्ये कळणार कसं? बाप म्हणायचा, आवाज हाय तवर आपण हाय." एवढं बोलून ते पट्टा तपासायला उठले, वीज नसताना.

मग गेल्या महिन्यात ते घडलं. सैनिक टाकळीकडचे एक निवृत्त सुभेदार पोतंभर जोंधळा घेऊन गिरणीवर आले. गाडी बुलेटच, आबांच्याच वयाची, पण नखशिखांत मूळची. रंगसुद्धा कारखान्यातला, मद्रासहून आलेला. त्यांनी ती दारात उभी केली आणि इंजिन बंद न करताच पोतं उतरवायला लागले. ढम. ढम. ढम. ढम. फुलपात्रं हलली नाहीत. काच हलली नाही. आबा हलले. चाडीतलं धान्य संपून नुसते दगड एकमेकांवर घासायला लागले, गिरणीभर जळका वास सुटला, तरी हा माणूस मान तिरकी करून, एक बोट हवेत धरून उभा.

"सुभेदारसाहेब, सायलेन्सर कुठला हो?"

"कंपनीचा. का? बदलायचा असतो व्हय?"

आबा खाली बसले. सतरा वर्षं आणि सात सायलेन्सर हिंडून ते जिथं पोचले होते, तिथून ते निघाले होते. त्यांचा कंपनीचा सायलेन्सर बरीच वर्षं माळ्यावर होता. मग एका दिवाळीच्या साफसफाईत काकूंनी तो, एक फाटकी चाळण आणि दोन पिंपं, किलोच्या भावानं भंगारवाल्याला दिली. त्यात आलेल्या पैशांची कढई काकू अजून वापरतात. आबांनी त्या दिवसापासून त्या कढईतलं काही खाल्लेलं नाही.

म्हणून ही विनंती. आपल्यापैकी कुणाच्या माळ्यावर, गोठ्यात, जुन्या गॅरेजच्या पोटमाळ्यावर कास्ट आयर्न बुलेटचा कंपनीचा मूळ सायलेन्सर, आतल्या जाळीसकट, पडून असेल तर तो भंगारात घालू नका. गंजलेला चालेल, चेपलेलाही चालेल. भोक मात्र पडलेलं नसावं. आमच्या गल्लीनं वर्गणी काढली आहे. एकवीसशे रुपये जमलेत, त्यातले पाचशे काकूंचे. पोचवायचा खर्च वेगळा देऊ.